बुटकीचा क्लच

चंडीगड, सेक्टर २०
६ ऑक्टोबर १९६८

प्रिय विश्राम,

तुला आशीर्वाद आणि तुझ्या लेथलाही. सहा महिन्यांनी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे मावशीने पाकीट बघूनच ओळखलं असेल. तिला सांग, बरोबर ओळखलंस.

फौजेच्या जुन्या मालाच्या लिलावात मला एक छोटं इंजिन मिळालं आहे. वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करायला असतं तसलं, पेट्रोलवरचं, काखेत मारून नेता येईल एवढं. सिग्नल्समध्ये माझी अर्धी नोकरी असल्या इंजिनांची मनधरणी करण्यात गेली, त्यामुळे त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. आठ दिवसांत चालू केलं. एका हाताने. कांचन म्हणाली, "बरं झालं, आता जेवायलाही त्यालाच शेजारी घेऊन बसा."

या इंजिनावर मी एक बुटकी गाडी बांधतोय. सायकलच्या पाइपांची चौकट, स्कूटरची जुनी चाकं, आणि बैठक इतकी खाली की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात. डावा हात मनगटाच्या वरच संपतो, म्हणून हँडलला त्या बाजूला चामड्याचा पट्टा लावलाय. हाताचं टोक त्यात अडकवलं की गाडी वळवता येते. उजव्या हाताला ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, पायाला मागचा. अडलंय फक्त क्लचपाशी. सगळ्या जगाने क्लच डाव्या हातात दिलाय, आणि माझा डावा हात तीन वर्षांपूर्वीच्या लढाईत खेमकरणच्या उसात राहिला.

म्हणून मला दाबायचा क्लच नकोच, आपोआप धरणारा हवा. चित्र सोबत आहे. इंजिनाच्या दांड्यावर मधला गोळा, त्याला ब्रेकला असतात तसले तीन शू, ते तीन स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले. बाहेरून ड्रम, ड्रमला चेनचं चक्र. इंजिन हळू चालतंय तोवर शू आत, गाडी उभी. इंजिनाने वेग घेतला की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला धरतात आणि गाडी निघते. मिनिटाला अठराशे फेऱ्यांना क्लचने धरायला हवं. इंजिनाला गव्हर्नर आहे, तो तीन हजारांच्या वर वेग जाऊ देत नाही. सगळी गंमत त्या तीन स्प्रिंगांत आहे, आणि तुझ्याइतक्या नीट स्प्रिंगा वळणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

घाई का, ते ऐक. मुल्लानपूरला एका सहकारी संस्थेचं पंप दुरुस्तीचं केंद्र निघतंय. तिथल्या चेअरमननी माझ्यापुढे एक बंद पडलेलं इंजिन ठेवलं. मी कान लावला आणि चहा येईपर्यंत चालू करून दिलं. म्हणाले, "फौजी साब, नौकरी पक्की. पर खेतों तक पहुँचोगे कैसे?" विहिरीविहिरीवर जायला स्वतःचं वाहन पाहिजे, ही एकच अट. १ जानेवारीला हजर व्हायचं. बस दिवसाला दोन, त्या रस्त्यावर सोडतात, विहिरीवर नाही. मोपेड घ्यावी तर नंबर लावून वर्ष जाईल.

तीन वर्षं कांचन केंद्र सरकारच्या ऑफिसला जाते आणि मी तिचा डबा भरतो. लोक चांगले आहेत, कोणी काही बोलत नाही. मला आता वाटायला लागलंय की कोणीतरी बोलावं.

तुझ्या पार्सलावर डोळे लावून बसलेला,
सदाशिव


कोल्हापूर, उद्यमनगर
१७ ऑक्टोबर १९६८

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी लेथवर होतो. हात पुसायचं भान राहिलं नाही, त्यामुळे तुझ्या चित्रावर माझ्या अंगठ्याचा ठसा उठलाय. आता हा कागद कोर्टातसुद्धा चालेल.

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "माझ्या बहिणीचा पोरगा एक हात गेला तरी गप बसंना, आणि तू दोन हात असून दुपारी झोपा काढतोस." आता हे मला शिमग्यापर्यंत ऐकावं लागणार.

काम घेतलं. ड्रम शेजारच्या फाउंड्रीतून ओतून घेतो, शूंना ट्रकच्या ब्रेकचं लायनिंग कापून लावतो. स्प्रिंगा माझ्या मीच वळणार. तुला माझी खोड माहीत आहे. वजन टांगून ताण बघतो, आणि तिन्ही स्प्रिंगा केसाचाही फरक न करता सारख्या झाल्याशिवाय हातातून सोडत नाही. उद्यमनगरात म्हणतात, विश्रामकडं बारशाला काम टाका, लग्नापर्यंत मिळंल. पण मिळालेलं काम परत आलं असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर पार्सल निघेल. पहिल्या फेरीला वहिनींना मागे बसव आणि त्या कितीदा रामाचं नाव घेतात ते मोजून कळव.

तुझा,
विश्राम


चंडीगड, सेक्टर १७
२८ ऑक्टोबर १९६८

विश्रामभावजी,

हे पत्र ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. ह्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक होऊ द्यायचं नाही. उत्तर द्याल ते ऑफिसच्याच पत्त्यावर द्या.

तुमचं पत्र ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा निशिगंधाला. ती नऊ वर्षांची, तिला काय कळणार, ती म्हणाली, "पापा, मुझे भी बैठना है." हे हसले. इतके हसताना मी ह्यांना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता.

भावजी, ऑगस्टात हे सायकलवरून पडले ते तुम्हांला कळवलं नाही. सेक्टरच्या चौकात, मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज मी कुंकू लावतेय. सदऱ्यावरचं रक्त मी धुतलं आणि ह्यांनी मलाच दटावलं, की साबण फार घालतेस. ती सायकल होती. आता इंजिन लावून मुल्लानपूरच्या रस्त्यावर जाणार, विटांच्या ट्रॉल्यांमधून, एका हाताने. मी ऑफिसात टाइप करत बसायचं आणि बाहेर घंटी वाजली की तारवालाच आला असं समजायचं. एकदा खेमकरणची तार घेतली आहे मी ह्या हाताने. दुसरी घेणार नाही.

मी बोलून पाहिलं. हे म्हणतात, "तू घाबरट आहेस." विषय संपला.

तुम्ही नाही म्हणालात तर हे दुसरा कोणी गाठतील. इथे सरदार मिस्त्री पैशाला पासरी आहेत. पण तुम्ही केलेलं जर चाललं नाही, तर हे म्हणतील, विश्रामला जमलं नाही ते कोणालाच जमायचं नाही, आणि नाद सोडून देतील. एवढा ह्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. म्हणून पदर पसरून मागते. क्लच करा, चांगला दिसेल असा करा, पण गाडी हलणार नाही असा करा. कसं ते तुम्हांला कळतं.

धाकट्या दिरापाशी नाही मागायचं तर कोणापाशी?

तुमची वहिनी,
कांचन


कोल्हापूर
९ नोव्हेंबर १९६८

वहिनी,

तुमचं पत्र खिशात घालून आठ दिवस फिरतोय. आईला सांगता येईना, कारण आई दादाच्या बाजूने बोलणार आणि मग मला तुमच्या कुंकवाचा प्रश्न तिच्यापुढे ठेवावा लागणार.

क्लच तयार होता. बरोबर वळलेल्या स्प्रिंगा घालून मी तो इथल्या मोटारीवर चालवूनही बघितला होता. अठराशेला असा धरला, की शेजारचे दोघे बघायला आले. त्या स्प्रिंगा मी काल काढल्या. जाड तारेच्या दुसऱ्या वळल्या. दादाने स्वतःच लिहिलंय, की इंजिन तीन हजारांच्या वर जात नाही. आता क्लच धरेल तो बत्तीसशेला. म्हणजे कधीच धरणार नाही. इंजिन ओरडेल आणि गाडी जागची हलणार नाही. कोणाला लागणार नाही, काही तुटणार नाही.

मुद्दाम बिघडवलेलं काम माझ्या लेथवरून पहिल्यांदा जातंय. तुम्ही दादाच्या जिवाचं नाव घेतलंत म्हणून. परत कधी मला असं सांगू नका.

विश्राम


चंडीगड
२ डिसेंबर १९६८

प्रिय विश्राम,

पार्सल आलं. अरे लेका, काय काम आहे! ड्रम आरशासारखा. मी तो दोन दिवस टेबलावरच ठेवला होता, आल्यागेल्याला दाखवायला. शेजारचे कर्नलसाहेब म्हणाले, "विलायतेहून मागवलात का?" म्हटलं, कोल्हापूरहून, म्हणजे त्याच्याही पुढून.

बसवायला रविवार गेला. ड्रम व्हाइसमध्ये धरला, दांड्याच्या खाचेत बसणारी चावी दातांत धरली, आणि गोळा उजव्या हाताने ठोकत आणला. निशी म्हणाली, "पापा चाबी खा गये." शेवटी सगळं घट्ट केलं, चेन चढवली, इंजिनाला दोरी मारली. पहिल्या दोरीला चालू. बुटकीवर बसलो, हाताचं टोक पट्ट्यात घातलं आणि ॲक्सिलरेटर पिळला.

इंजिन ओरडलं. बुटकी जागची हलली नाही.

पुन्हा केलं. पूर्ण पिळून धरलं. ड्रमला अगदी किंचित स्पर्श झाल्यासारखं वाटतं, थोडा वास येतो, पण पकड नाही. बहुतेक माझंच काहीतरी चुकलंय. गोळा तिरका बसला असेल, किंवा ड्रमला माझ्या हाताचं तेल लागलं असेल. दोन हातांचं काम एकाने करायचं म्हणजे असंच व्हायचं. तू सांग, काय तपासू?

कांचन ओसरीत उभी राहून बघत होती. म्हणाली, "जाऊ द्या, एवढं मनाला लावून घेऊ नका." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचंच वाईट वाटलं.

दिवस थोडे आहेत. लगेच लिही.

सदाशिव


कोल्हापूर
१२ डिसेंबर १९६८

दादा,

पत्र मिळालं. ड्रम आतून पेट्रोलने पूस. लायनिंगवर पॉलिश कागद फिरव, नवीन लायनिंग कधीकधी गुळगुळीत असतं. थोडे दिवस चालवत राहिलास तर बसेल.

तुझं काही चुकलं नसावं. इथे काम फार आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

विश्राम


चंडीगड
२९ डिसेंबर १९६८

प्रिय विश्राम,

इतकं कोरडं पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस. मावशी आजारी आहे का? असेल तर लपवू नकोस.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पेट्रोलने पुसलं, कागद फिरवला, दहा दिवस इंजिन ओरडवून शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. गोळा काढून पुन्हा बसवला, सूतभरही तिरका नाही. मुल्लानपूरला बसने जाऊन चेअरमनना भेटलो. भला माणूस आहे. म्हणाले, "पंधरा जनवरी तक रुक जाता हूँ, उसके बाद मेरी भी कमिटी है." थंडी अशी आहे की बसच्या दांड्याला हात चिकटतो, आणि माझ्याकडे बदलायला दुसरा नाही.

मला एक शंका येते. स्प्रिंगा थोड्या जड झाल्या असतील का? तुझ्या हातून तसं होणार नाही हे माहीत असूनही विचारतोय, राग मानू नकोस. तसं असेल तर इंजिनाला अजून वेग मिळाला की क्लच धरेल. म्हणून रविवारी, पाच तारखेला, मी गव्हर्नर काढून बघणार आहे. थोडा वेळच. एकदा धरतो हे कळलं की पुढचं बघता येईल. तुला काही वेगळं वाटत असेल तर तार कर.

सदाशिव


कोल्हापूर
३ जानेवारी १९६९

वहिनी,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय. दादा रविवारी गव्हर्नर काढणार आहे. काढू देऊ नका. हे जुनं इंजिन आहे, लगाम सुटला तर फाटेल, आणि दादा त्याच्यावर बसलेला असेल.

मी आज पोस्टात तार करायला जाऊन उभा राहिलो. फॉर्म भरला. "गव्हर्नर काढू नको" एवढं लिहिलं तर दादा पुढचं विचारणार, मग क्लच धरत का नाही? त्याचं खरं उत्तर माझ्यापाशी एकच आहे आणि ते तुम्ही मला देऊ देत नाही. फॉर्म फाडला. तुम्ही त्याच्यासमोर आहात, काहीही करून थांबवा. चाकाची हवा सोडा, दोरी लपवा.

मी बरोबर स्प्रिंगा पाठवतो. त्याला काय सांगायचं ते बघू. हे आता पुढे चालवायला मला जमणार नाही.

विश्राम


चंडीगड
२ फेब्रुवारी १९६९

विश्राम,

पाच तारखेला काय झालं ते सांगतो. मग तुला एक प्रश्न विचारतो.

सकाळी दहाला क्वार्टरच्या मागच्या गल्लीत गव्हर्नर काढून इंजिन चालू केलं. ॲक्सिलरेटर पिळला, इंजिन आजवर ओरडलं नव्हतं तसं ओरडलं, आणि क्लचने धरलं. बुटकी निघाली. चाळीस पावलं गेली असेन. पाय वर घेतले होते, वारा तोंडावर येत होता, आणि मी मोठ्याने हसत होतो. मग कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. एक तुकडा गुडघ्याला चाटून गेला. चार टाके पडले. कांचन अनवाणी धावत आली, तिने पदर फाडून पाय बांधला. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. मला वाटलं, केवढा हिचा जीव आहे माझ्यावर.

पंधरा तारीख मी खाटेवर पडून घालवली. सोळाला चेअरमनचा माणूस निरोप घेऊन आला, की जागा दुसऱ्याला दिली.

चालता यायला लागल्यावर फुटकं इंजिन घेऊन बचनसिंग मिस्त्रीकडे गेलो. इंडस्ट्रियल एरियात त्याचं दुकान आहे, म्हातारा, दाढी ग्रीसने काळी. त्याने इंजिन बाजूला सारलं आणि तुझा क्लच उघडला. बराच वेळ बघितलं. मग स्प्रिंगा काढून एकेक खुंटीला टांगली, खाली किलोचं माप बांधलं आणि फूटपट्टीने ताण मोजला. एक, दोन, तीन. पुन्हा मोजला. मग मला विचारलं, "कितने पे पकड़ना था?" मी सांगितलं, अठराशे. तो म्हणाला, "ये बत्तीस सौ पे पकड़ेगा."

मी म्हटलं, माझ्या भावाची चूक झाली असेल. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "फौजी साब, गलती होती तो तीनों में थोड़ा-थोड़ा फर्क होता. इन तीनों में बाल जितना फर्क नहीं. ये गलती नहीं है जी, ये किसी उस्ताद ने नाप के बनाया है."

विश्राम, वाईट काम वाईट करायचं सुद्धा तुला जमलं नाही. एक स्प्रिंग सैल ठेवली असतीस, तर आज मी नजरचुकीला दोष देऊन गप्प बसलो असतो.

इंजिन तीन हजारांच्या वर जात नाही हे तुला कोणी सांगितलं? मीच लिहिलं. तो आकडा मी तुला विश्वासाने दिला आणि तू तो फूटपट्टीसारखा वापरलास. मी ड्रम पेट्रोलने पुसत होतो, कागद फिरवत होतो, माझ्या उरलेल्या हाताला दूषणं देत होतो, आणि तुला सगळं माहीत होतं. माझं एकोणतीस तारखेचं पत्र तुला तीनला नाहीतर चारला पोचलं असेल. तू तार केली नाहीस.

मी तुझं काय वाकडं केलं होतं? एवढंच सांग.

सदाशिव


कोल्हापूर
१३ फेब्रुवारी १९६९

दादा,

तू काही केलं नाहीस. मी घाबरलो. मुल्लानपूरच्या रस्त्यावर तू ट्रकखाली जाशील असं मनात आलं आणि माझ्या हाताने तुला ती गाडी देणं मला जमेना. नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून चोरी केली. दोष माझा, दुसऱ्या कोणाचा नाही.

आईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

पहिल्यांदा वळलेल्या, बरोबर स्प्रिंगा वेगळ्या पार्सलने पाठवतोय. दुसरं इंजिन शोध, मी इथून येऊन बसवून देतो. शिव्या दे, पण उत्तर दे.

विश्राम


चंडीगड, सेक्टर १७
२४ मार्च १९६९

विश्रामभावजी,

तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, हे उपकार मी विसरणार नाही. ह्यांना अजून काही कळलेलं नाही. तुमचं जानेवारीचं पत्र मला मंगळवारी, सात तारखेला मिळालं, तोवर होऊन गेलं होतं. त्याबद्दल मी रोज देवापुढे नाक घासते.

पण आता गोड बातमी ऐका. माझी बदली झाली, आणि थेट कोल्हापूरला. पाच मेला हजर व्हायचं आहे. सप्टेंबरात अर्ज टाकला होता, तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता. अर्ज ह्यांच्या अपंगपणाच्या कारणावर होता. मध्येच ह्यांना ती मुल्लानपूरची नोकरी लागली असती तर मुळातच अर्ज बाद झाला असता. माझी तर झोप उडाली होती. तुमच्यामुळे निभावलं.

अकरा वर्षं झाली भावजी, ह्या चौकोनी गावात. एक सेक्टर दुसऱ्यासारखा, शेजारी दर तीन वर्षांनी नवीन. मी मराठीत विचारते आणि माझी मुलगी हिंदीत उत्तर देते. आता तुम्ही, मावशी, आम्ही, सगळे एका गावात. हे थोडे दिवस रुसतील, मग येतील वळणावर.

कांचन


कोल्हापूर
२ एप्रिल १९६९

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही माझ्याकडे आला होतात ते ट्रकची भीती घेऊन. अर्जाचं एक अक्षर बोलला नव्हतात. भीती खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण दादाची नोकरी घालवण्यासाठी मी स्प्रिंगा वळल्या, हे मला आज कळतंय.

दादाला तुम्ही सांगा. नाहीतर मे महिन्यात तो इथे आला की मी सांगेन.

विश्राम


चंडीगड
२७ एप्रिल १९६९

विश्राम,

तुला सांगायची गरज पडली नाही.

गेल्या रविवारी कांचनने ऑफिसचं टेबल आवरून एक खोकं घरी आणलं. ट्रंका भरायचं काम माझं, फौजेपासूनची सवय. मला म्हणाली, "ह्यातले जुने कागद जाळा, कामाचे ठेवा," आणि निशीला घेऊन बाजारात गेली. ती टायपिस्ट आहे. आलेलं पत्र तारखेप्रमाणे लावायचं आणि गेलेल्याची कार्बन कॉपी ठेवायची, हे तिच्या बोटांत इतकं मुरलंय, की लपवायच्या कागदांनाही तिने दोरा घालून फाइल केलं होतं. तुझी तिला आलेली पत्रं त्यात होती, दोन तारखेचंसुद्धा. आणि तळाशी तिच्या अर्जाची कॉपी.

अर्ज इंग्रजीत आहे. तिसऱ्या कलमात लिहिलंय, की अर्जदाराचे पती अपंग असून स्वतःहून कुठेही जाण्यायेण्यास असमर्थ आहेत, त्यांना येथे कोणतीही नोकरी मिळणे शक्य नाही. तारीख १२ सप्टेंबर. टायपिंगची एकही चूक नाही. ज्या दिवशी मी लिलावातून इंजिन काखेत मारून घरी आणलं, त्याच्या आदल्याच आठवड्यात हे टाइप झालं होतं. मग ते कलम खरं ठेवण्याचं काम उरलं होतं, ते तुझ्याकडे आलं.

ती परत आल्यावर मी कागद टेबलावर ठेवला. तिने तो बघितला आणि भाजीची पिशवी खाली ठेवली. रडली नाही. म्हणाली, "मला घरी जायचं होतं. अकरा वर्षांत तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, इथे राहायचंय का?" मी विचारलं नव्हतं. ते मला तेव्हाच कळलं. पण मी म्हटलं, "तू मला सांगितलं असतंस तर मी आलो असतो." ती म्हणाली, "तुम्ही आला नसता." आम्ही दोघेही बहुतेक खरं बोलत होतो. पण ती मला न विचारता बोलली ते सरकारशी आणि तुझ्याशी, आणि मला तोंडावर म्हणत राहिली, मनाला लावून घेऊ नका. हे मला सोसत नाही.

तुलाही तिने अर्धंच सांगितलं होतं, हे मी वाचलं. पण अर्धं ऐकून तू काम पूर्ण केलंस.

ती आणि निशी दोन मेच्या गाडीने निघतील. त्यांना घ्यायला मिरजेपर्यंत जा, सामान जास्त आहे. निशीला मराठी सगळं समजतं. ती हिंदीत बोलली तर हसू नकोस. मी येणार नाही. हे क्वार्टर कांचनच्या नावावर आहे, ते सोडावं लागेल. बचनसिंगने दुकानामागची खोली दिली आहे आणि इंजिनं ऐकायचं काम दिलंय. तिथे मी चालत जातो, एक तास लागतो. मी इथे राहतोय तो कायमचा की थोड्या दिवसांचा, ते मला माहीत नाही. निशी विचारेल तेव्हा तिलाही एवढंच सांगा, खोटं काही सांगू नका.

मावशीला माझा नमस्कार. तिने तुझ्याशी बोलावं, असं मी तिला वेगळं लिहितोय. या वयात तिने माझ्यापायी अबोला धरू नये.

तू पाठवलेलं स्प्रिंगांचं पार्सल न उघडता परत पाठवतोय. त्या बरोबरच असतील. पण लावण्याआधी मला त्या मोजून बघाव्या लागल्या असत्या, आणि तुझ्या हातची वस्तू मोजायची वेळ माझ्यावर येऊ नये असं वाटतं.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. स्प्रिंगा निदान मोजता येतात. तुझं पत्र आलं तर मी ते उघडीन, आणि वाचलं की मला ते खरं वाटेल.

सदाशिव